सोळा नंबरचं कुलूप

पावाच्या कारखान्यात तिला सगळे कुलूपबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. ती रागावत नसे. एकसष्ट वर्षांची, बुटकी, आवाज असा की भट्टीनंही गप्प बसावं, आणि कमरेला एक किल्ली. मालकाचा डोळा चुकवून दोन मिनिटं टेकता येत असे, कुलूपबाईचा डोळा चुकवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

भट्टीकडे जाणाऱ्या बोळात भिंतीवर एक लाकडी फळी होती. फळीवर चोवीस खुंट्या, प्रत्येक खुंटीवर नंबर आणि नंबराखाली लाल रंगाचं कुलूप. पीठ मळायचं यंत्र हे मोठं धूड, दोन माणसं आत बसतील एवढी त्याची टाकी. टाकीच्या तळाला चिकटलेलं पीठ खरवडायला कुणी आत हात घालणार असेल, तर त्यानं आधी भिंतीपलीकडे जायचं, मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि मगच यंत्राला शिवायचं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. किल्ली कायम ज्याची त्याच्या गळ्यात. सगळ्या कुलपांना लागणारी जादा किल्ली एकच, ती कुलूपबाईच्या कमरेला. ती वापरायचेही नियम होते. ज्याचं कुलूप त्याला आधी शोधायचं, घरी गेला असेल तर घरी विचारायचं, वहीत लिहून सही करायची, मगच काढायचं.

नवी माणसं कामावर आली की पहिल्या सोमवारी ती त्यांना फळीखाली उभं करी. सोळा नंबरच्या खुंटीकडे बोट दाखवी. तो नंबर पुढे कुणाला दिलाच नव्हता. कुलूप तिथंच लटकत होतं.

"हे बघा," ती म्हणे, "एकोणीस वर्षांपूर्वी हे कुलूप इथंच राहिलं. एक जण लावायला विसरला. तो आज फाटकावर बसतो. जाता-येता त्याच्या उजव्या बाहीकडे नीट बघा आणि मग ठरवा, विसरायचं की नाही."

नव्या पोरांच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि त्या एकोणीस वर्षांत कारखान्यात दुसरा अपघात झाला नाही, हे खरं.

तो फाटकावरचा माणूस म्हणजे विसरू. हे नाव काही त्याच्या आईनं ठेवलं नव्हतं. अपघाताआधी तो कारखान्यातला चांगला कणिकवाला होता. पिठाला नुसता हात लावून पाणी किती कमी ते सांगायचा. आता उजवा हात कोपरापासून नव्हता. तो फाटकाजवळच्या खोलीत बसे, आल्यागेल्याची नोंद डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत करी, आणि शर्टाच्या खिशात चिठ्ठ्यांची गड्डी ठेवी. 'खोलीचा दिवा बंद कर.' 'डबा घरी ने.' 'गॅस बघ, परत बघ.' त्याची नात चार वर्षांची होती, पण तिला घेऊन तो कधी एकटा रस्त्यावर गेला नाही. "कुठंतरी ठेवून येईन आणि विसरेन," असं तो हसत सांगायचा. लोकही हसायचे. माणसाला एकदा नाव पडलं की तो त्या नावाच्या मापाचा होत जातो, आणि लोकांना वाटतं, बघा, आपण म्हणत नव्हतो?

कुलूपबाईच्या निवृत्तीला एक आठवडा उरला होता. मालक परगावी जाणार होते, म्हणून निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारीच उरकून घेतला. जेवणाच्या खोलीत टेबलं सरकवली, भाषणं झाली. मालकांनी तिच्या कमरेची किल्ली मागून घेतली आणि मागं वळून चार मिनिटांत एका लाकडी पाटीवर स्क्रूनं घट्ट बसवून तिलाच भेट दिली. पाटीवर लिहिलं होतं, 'एकोणीस वर्षं, एकही अपघात नाही.' टाळ्या झाल्या. मालकांसाठी नवी किल्ली सोमवारी दुपारी बनून येणार होती.

मग विसरू उठला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्यानं खिशातून चिठ्ठी काढली, वाचली, आणि परत ठेवली.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "पण एक सांगायचंय. चूक माझी होती. मी विसरलो. घरच्यांनी बोलून दाखवलं, दोस्तांनी दाखवलं, त्यांचंही काही चुकलं नाही. पण ताईंनी एकोणीस वर्षांत एकदाही मला 'तुम्ही विसरलात' असं तोंडावर म्हटलं नाही. दवाखान्यात येऊन बसल्या. माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून एका हातानं लावता येतील अशी टिचबटणं लावून दिली. एवढं मोठं मन मी दुसरं बघितलं नाही."

तो बसला. बायका डोळे पुसत होत्या. कुलूपबाई पाटी छातीशी धरून उभी होती. लोकांना वाटलं, बाईला भरून आलंय. कसलं भरून येतंय! पायाखालची फरशी कुणीतरी ओढून नेल्यासारखं तिला झालं होतं, आणि वरून सगळे टाळ्या वाजवत होते.

कारण ते कुलूप तिनं काढलं होतं.

झालं असं होतं. त्या दिवशी पाळी बदलायची वेळ. यंत्र बंद, स्विचवर सोळा नंबरचं कुलूप, आणि यंत्राजवळ कुणीच नाही. याआधी दोनदा हा पठ्ठ्या कुलूप तसंच ठेवून घरी निघून गेला होता, आणि दोन्ही वेळा अख्खी पाळी खोळंबली होती. आज तिसरी वेळ, असं तिला वाटलं. ती चिडली. नियम तिनंच पोरांना पाठ करून घेतले होते, पण चिडलेल्या माणसाला स्वतःचे नियम कुठले आठवायला! तिनं त्याला शोधलं नाही, वहीत लिहिलं नाही. आपल्या किल्लीनं कुलूप काढलं, सवयीनं नेऊन सोळा नंबरच्या खुंटीला अडकवलं, परत आली, स्विच वर केला आणि बटण दाबलं. तो घरी गेलाच नव्हता. खरवडणी बोथट झाली म्हणून दुसरी आणायला कोठीत गेला होता. पलीकडच्या दारानं आला आणि आपलं कुलूप लावलेलं आहे या भरवशावर त्यानं टाकीत हात घातला.

नंतर चौकशी झाली. कुलूप कुठे आहे? खुंटीवर. म्हणजे लावलंच नव्हतं. स्विचला कुलूप नाही म्हणून बाईंनी यंत्र चालू केलं, त्यांचा काय दोष? तिला कुणी विचारलंच नाही, आणि ती बोलली नाही.

चार दिवसांनी त्याला नीट शुद्ध आली तेव्हा ती खाटेजवळ बसली होती. त्यानं तिच्याकडेच बघून विचारलं होतं, "ताई, मी लावलं होतं ना? मला आठवतंय, मी लावलं होतं."

आणि ती म्हणाली होती, "आता त्याचा विचार करू नका, भाऊ."

बस. एवढंच. एका वाक्यात तिनं माणसाची आठवण त्याच्याकडून काढून घेतली. आठवड्याभरात तोच लोकांना सांगू लागला, की लावलं असं मला नुसतं वाटलं असेल.

त्यानंतर कुलूपबाईनं स्वतःला कामाला जुंपलं. दर शनिवारी देवळातलं, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनाघरातलं स्वयंपाकघर ती घासूनपुसून लख्ख करी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीसाठी सगळ्यांनी मिळून पाव खायचा, तो पाव तीच भाजून आणी. त्या मंडळीत एक रीत होती. अख्खा पाव बाकाबाकांवरून फिरायचा आणि प्रत्येकानं शेजाऱ्यासाठी तुकडा मोडून द्यायचा, स्वतःचा स्वतः घ्यायचा नाही. विसरूला एका हातानं पाव मोडता येत नसे, म्हणून त्याच्या शेजारी कुणीतरी पाव धरे आणि तो तुकडा ओढून काढी. कुलूपबाई शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायची. पाव तिच्यापर्यंत आला की ती तो घेऊन सरळ आतल्या टेबलावर ठेवायला निघून जायची. लोकांना वाटे, काय सेवाभाव! एकोणीस वर्षांत तिनं स्वतः भाजलेल्या त्या पावाचा एक कण तोंडात घातला नव्हता, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शुक्रवारची रात्र कशीबशी गेली. शनिवारी दुपारी ती सवयीनं प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात गेली, तर सिंकखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय मंडळीच्या धर्मगुरूंचे, पाळकांचे होते. पाळक आधी नळदुरुस्तीचं काम करायचे. देवाची हाक ऐकून पाळक झाले, पण हातातला पाना काही सुटला नव्हता.

"कोण? बाई का?" सिंकखालून आवाज आला. "जरा ती बादली सरकवा इकडे."

तिनं बादली सरकवली. आणि तोंडाकडे बघावं लागत नव्हतं म्हणून असेल, ती त्या पायांशी बोलली.

"सोळा नंबरचं कुलूप मी काढलं होतं."

पाना थांबला.

"त्यानं लावलं होतं. मी काढलं. त्याला शोधलं नाही. आणि मग गप्प बसले."

पाळक घाईनं बाहेर यायला गेले, त्यांचं डोकं पाइपला आपटलं. ते तसेच ओल्या फरशीवर बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी उपदेशात सांगितलं होतं," ते म्हणाले. "आठवतं तुम्हाला? माणूस देवाला कसा विसरतो त्यावर. मी त्यांचंच उदाहरण दिलं. ते पहिल्या बाकावर बसून हसले होते. अरे देवा!"

ती वाट बघत उभी राहिली. आता काहीतरी येईल. शिव्या येतील, 'चालत्या व्हा' येईल. खरं तर तिला ते हवंच होतं. एकोणीस वर्षं पाठ वाकवून फटक्याची वाट बघणाऱ्याला फटका पडला की बरंच वाटत असणार. पाळकांनी ओले हात शर्टाला पुसले आणि ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही हे देवासमोर बोललात. मग जे मला सांगायचंय ते मी सांगतो. ख्रिस्तानं हे स्वतःवर घेतलंय. तुम्हाला क्षमा झालेली आहे."

"झालेली?"

"झालेली."

कुलूपबाई आ वासून बघत राहिली. आणि मग तिचा पारा चढला.

"असं कसं? मी एकोणीस वर्षं इथली भांडी घासतेय! पाव भाजतेय! आणि तुम्ही असं उभ्या उभ्या, नळ दुरुस्त करता करता..."

"भांडी तुम्ही स्वच्छ घासता," पाळक म्हणाले. "पण त्या घासण्यानं हे धुतलं जाणार नव्हतं. आणि घासा म्हणून तुम्हाला देवानं सांगितलं नव्हतं."

"आणि त्याचं काय? देवाला क्षमा करायला काय जातंय? हात काय देवाचा गेला?"

हे ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली. पाळक रागावले नाहीत. आपल्या तळहातांकडे बघत हळूच म्हणाले, "दोन्ही हातांना खिळे ठोकले होते, बाई."

ती मटकन स्टुलावर बसली. ही गोष्ट तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. क्रूस तर समोरच्या भिंतीवर होता, दर शनिवारी ती त्याची धूळ पुसायची. पण आज कुणीतरी अंगावर थंड पाणी फेकावं तसं तिला झालं. देव वर बसून स्वस्तात क्षमा वाटत नव्हता. ज्याचा हात जातो त्याच्या बाजूला तो आधीच जाऊन बसला होता, आणि तिथून तिला क्षमा केली म्हणत होता. हे तिला झेपेना. तिला रडूही येईना.

"मग आता त्याला सांगायला नको?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"आता तर सांगता येईल. इतकी वर्षं तुम्ही क्षमा मिळेल की नाही या भीतीनं गेला नाहीत. आता ती मागायला म्हणून जाऊ नका. ते क्षमा करतील की नाही, ते त्यांच्यावर सोडा. त्यांचं जे तुमच्याकडे आहे, ते तेवढं परत देऊन या."

ती तशीच, अंगावरचा ओला एप्रनही न काढता, विसरूच्या घरी गेली.

दार वहिनींनी उघडलं, म्हणजे विसरूच्या बायकोनं. "अगंबाई, या ना! कालचं भाषण कसं झालं आमच्या ह्यांचं? आठ दिवस घोकत होते, तरी चिठ्ठी लागलीच." टेबलावर धुतलेले कपडे घडी घालायला पडले होते. नात खाली बसून चमच्यांची आगगाडी करत होती. विसरू खुर्चीवरून उठू लागला.

"भाऊ, बसा," कुलूपबाई म्हणाली. बसली तर बोलणं होणार नाही म्हणून ती उभीच राहिली. "तुम्ही कुलूप लावलं होतं. स्विचला. मी माझ्या किल्लीनं ते काढलं आणि खुंटीला अडकवलं. तुम्ही घरी गेलात असं मला वाटलं. तुम्हाला शोधलं नाही. आणि दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं नाही."

खोलीत फक्त चमच्यांचा आवाज येत होता. मग तोही थांबला, कारण पोरीनं मोठ्यांची तोंडं बघितली.

विसरूनं हाताचं नाव काढलं नाही. तो म्हणाला, "परत सांगा."

"तुम्ही कुलूप लावलं होतं."

"मी लावलं होतं?"

"लावलं होतं, भाऊ."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

त्याचा चेहरा असा झाला की ती खाली बघू लागली. आनंद म्हणावा तर ओठ वाकडे झाले होते, रडू म्हणावं तर डोळे लहान पोरासारखे उघडे. त्यानं खिशातून चिठ्ठ्यांची गड्डी काढली आणि कपड्यांच्या ढिगावर ठेवली. एखाद्याची वस्तू आपल्याकडे चुकून आली असावी तशी.

वहिनी मात्र भिंतीला टेकल्या होत्या. "मी यांना रोज बोलत आले," त्या म्हणाल्या. "रोज. दूध उतू गेलं तरी म्हणायचे, हात गेला तरी अक्कल आली नाही." त्यांनी तोंडावर हात ठेवला, मग तो काढला आणि दाराकडे दाखवला. "बाहेर व्हा. आमच्या घरात टिचबटणं लावत बसलात तुम्ही! बाहेर व्हा आधी!"

कुलूपबाई वळली. उंबऱ्यात असताना मागून विसरूचा आवाज आला. "सोमवारी नवी माणसं येणार आहेत. त्यांना तुम्ही माझी गोष्ट सांगता."

"हो."

"मला फाटकापर्यंत ऐकू येते ती. दर वेळी."

ती उंबरा ओलांडून बाहेर पडली.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बसचालक होता, आता घरी असे, स्वभावानं गमत्या. त्या संध्याकाळी त्याला एकही गंमत सुचली नाही. "एकोणीस वर्षं एका घरात," तो म्हणाला, "आणि तुला झोप येत नाही ती पोटामुळे असं समजून मी तुला ओवा देत होतो!" रविवारी तो तिच्याशी बोलला नाही. विसरू प्रार्थनेला आला नाही. पाळकांनी उपदेश नीट केला नाही, दोनदा थांबले.

सोमवारी पाच नवी माणसं फळीखाली उभी होती. कुलूपबाईनं सोळा नंबरचं कुलूप खुंटीवरून काढलं. एकोणीस वर्षांत ते तिथून हललं नव्हतं, खुंटीखाली फळीवर त्याच्या आकाराचा धूळ नसलेला डाग होता. ती ते घेऊन भिंतीपलीकडे गेली, पोरं मागोमाग. यंत्र घरघरत होतं. तिनं मेन स्विच पाडला. यंत्र थांबलं, भट्टीवरचे लोक काय झालं म्हणून धावत आले. तिनं कुलूप स्विचला अडकवून खटकन दाबलं.

"ते इथं होतं," ती म्हणाली. तिचा तो भट्टीला गप्प करणारा आवाज पार बसला होता, पण आता यंत्र बंद होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या माणसानं ते लावलं होतं. तो विसरला नाही. मी काढलं. मी शोधलं नाही, वहीत लिहिलं नाही, आणि मग तुमच्यासारख्या नव्या लोकांना एकोणीस वर्षं खोटं सांगितलं. नियम तोच आहे. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. पण गोष्ट ही आहे."

भट्टीवरच्या एकाच्या हातातला ट्रे तिरका झाला आणि दोन पाव खाली पडले, ते कुणी उचललेही नाहीत. मालक आले. आधी त्यांना कळेना, मग कळलं, मग ते लालबुंद झाले. "बाई, काय हे! बरं, ते नंतर बघू. आधी कुलूप काढा, माल अडलाय."

"माझ्याकडे किल्ली नाही," ती म्हणाली. "ती तुम्ही पाटीवर बसवलीत. पाटी घरी आहे. दुसरी किल्ली ज्याची त्याच्याकडे."

कुणीतरी फाटकाकडे पळालं. विसरू आला. तो बोळातून येताना लोक दोन्ही बाजूंना सरकले, आणि आता त्याला काय म्हणून हाक मारायची ते कुणालाच कळेना. तो स्विचसमोर उभा राहिला. गळ्यातला दोरा त्यानं डाव्या हातानं वर ओढला. किल्ली होती. एकोणीस वर्षं लावायला कुलूप नसताना त्यानं ती गळ्यातून काढली नव्हती.

"असंच होतं?" त्यानं विचारलं.

"असंच."

त्यानं कुलपाला हात लावला, ओढून बघितलं. पक्कं बसलं होतं. मालक घड्याळाकडे बघत होते.

"राहू दे थोडा वेळ," तो म्हणाला. खाली पालथा डबा होता त्यावर बसला आणि आपल्या कुलपाकडे बघत राहिला. कारखान्यात नियम होता ना, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं! दीड तास यंत्र बंद होतं. मालकसुद्धा थांबले. मग तो उठला, किल्ली फिरवली, कुलूप खिशात घातलं आणि कुलूपबाईकडे न बघता फाटकावर निघून गेला.

मालकांनी तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. उरलेले दिवस येऊ नका म्हणाले. पाटी तिनं स्वतःच परत पाठवून दिली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. रस्त्यात ओळखीच्या बायका पलीकडच्या बाजूनं जात. नवरा हळूहळू बोलू लागला, पण जपून. आणि या सगळ्यात एक गोष्ट तिला पुन्हा पुन्हा चकित करत होती. तिला झोप लागत होती. नाव गेलं, मान गेला, लोक तोंड फिरवत होते, आणि ती रात्री उशीवर डोकं टेकताच मेल्यासारखी झोपत होती. सकाळी उठून ती त्याची लाज वाटून घ्यायचा प्रयत्न करी, पण ते जमत नसे. एका सकाळी चहाचं भांडं घासता घासता तिला कळलं, की हे भांडं ती फक्त भांडं म्हणून घासतेय. तेव्हा तिला रडू आलं. नवऱ्यानं काही न विचारता नळ बंद केला.

पहिल्या रविवारसाठी तिनं शनिवारी पाव भाजला. आणू नका, असं कुणी म्हटलं नव्हतं. आणा, असंही नाही. पाळकांनी तो घेतला आणि टेबलावर ठेवला.

ती नेहमीच्या जागी, शेवटच्या बाकाच्या टोकाला बसली. आज घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. आपण आता लायक झालो म्हणून नव्हे. लायक व्हायची वाट बघण्यात एकोणीस वर्षं गेली होती. पण शेजारची जागा रिकामी होती. तिच्याजवळ बसायला कुणी आलं नव्हतं, आणि स्वतःचा तुकडा स्वतः मोडायचा नाही ही तिथली रीत.

गाणं चालू असताना दार उघडलं. विसरू आला. बोटाला नात होती. दोघंच. मागं कुणी नव्हतं. वहिनी आधीच पुढच्या बाकावर येऊन बसल्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघितलं. नात धावत आजीकडे गेली. विसरू आपल्या बाकावर बसला.

पाव फिरू लागला. धरून, मोडून, देऊन, पुढे. विसरूच्या हातात आला, शेजाऱ्यानं धरला, त्यानं तुकडा काढून दिला. मग पाव पुढे द्यायच्या ऐवजी तो उठला. छातीशी पाव धरून बाकांच्या मधून चालत मागं आला. गाणाऱ्यांचे आवाज एकेक करून थांबले. तो तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला.

"राग गेलेला नाही," तो हळू आवाजात म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या बायकोकडे मान केली. "हिचा तर मुळीच नाही."

"हो," ती म्हणाली.

"धरा."

तिनं दोन्ही हातांनी पाव धरला. तो म्हणाला, "घट्ट धरा, ताई." मग त्यानं डाव्या हातानं एक तुकडा ओढून काढला, तिच्यासमोर धरला. तिनं तो घेतला आणि खाल्ला. मग तिनं एक तुकडा मोडला आणि त्याला दिला. तोही चावू लागला. चावता चावता थांबला, तिच्याकडे बघितलं, परत चावलं. पुढच्या बाकांवरचे लोकही एकमेकांकडे बघत होते. मघापासून सगळ्यांना काहीतरी वेगळं लागत होतं, पण प्रभुभोजनात बोलणार कोण!

तो कणिकवाला होता. त्याच्यापासून काय लपणार?

"ताई," विसरू म्हणाला, "मीठ विसरलात."